लांब मुदतीचे कर्ज, पण देणे यंदाच



या पानावर मी एरवी लिहितो ते बेणेप्रक्रियेबद्दल, हुमणीबद्दल, नाहीतर खताच्या मात्रेबद्दल. यावेळचा विषय वेगळा आहे. त्याला कारण झाले ते असे.

मागच्या पंधरवड्यात गट ऑफिसात लागण नोंदी घेत बसलो होतो. आपले एक जुने सभासद आले. दोन एकर आडसाली, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या मुलाने पवनचक्की करणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. त्या कंपनीच्या अहवालाचे एक पान त्यांनी घडी करून खिशात ठेवले होते. ते टेबलावर पसरून एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "साहेब, हे वाचा. दीर्घ मुदतीचं कर्ज असं लिहिलंय, आणि खाली म्हणतात एका वर्षात देय. दीर्घ म्हंजे लांब ना? मग यंदाच कसं द्यायचं?"

प्रश्न बिनतोड होता. मी शेतकीचा डिप्लोमावाला, हिशेबनीस नव्हे. तरीही उत्तर देता आले, कारण ते आपल्याच घरात सापडते. अहवालाच्या पुस्तिका घरोघर पोचण्याचे दिवस जवळ आले आहेत. सभेच्या विषयपत्रिकेवर दरवर्षी बाहेरील कर्जाची मर्यादा ठरविण्याचा विषय असतो आणि दरवर्षी तो "मंजूर, मंजूर" म्हणत दोन मिनिटांत निघून जातो. म्हणून ठरविले, त्यांना जे सांगितले ते सर्वांसाठी लिहून काढावे.

आधी आपले गणित पाहू. समजा एका सभासदाने पाइपलाइनसाठी ५ लाखांचे मध्यम मुदत कर्ज काढले, पाच वर्षांचे, दरसाल १ लाख मुद्दल आणि वर व्याज. सोसायटीचे दीड लाखाचे पीककर्जही आहे. त्याला विचारले की तुझे कर्ज किती, तर तो साडेसहा लाख म्हणेल. ते खरे. पण येत्या बारा महिन्यांत किती द्यायचे, हा प्रश्न वेगळा आहे. पीककर्ज सगळेच्या सगळे, दीड लाख. पाइपलाइनचा यंदाचा हप्ता १ लाख. म्हणजे अडीच लाख, व्याज सोडून. पाइपलाइनचे उरलेले ४ लाख पुढच्या वर्षांचे. कर्ज एकच, पण त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा लांबचा, एक दारात येऊन उभा राहिलेला. कंपनीच्या ताळेबंदात "दीर्घ मुदतीच्या कर्जाचा चालू वर्षात देय भाग" म्हणतात तो हा दुसरा तुकडा.

आता याच्या समोर उत्पन्न ठेवा. दोन एकरांत ८० टन ऊस, टनाला ३,००० रुपये धरले तर २ लाख ४० हजार. शेत चांगले आहे, पाइपलाइन झाली, पुढल्या साली उतारा वाढेल, सगळे खरे. पण यंदा माणूस दहा हजाराने उणा आहे, आणि घरखर्च अजून धरलेला नाही. तो तोट्यातला शेतकरी नव्हे. तो अडलेला शेतकरी आहे. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि ताळेबंद वाचताना हेच अंतर ओळखायचे असते.

घरचे एक सांगतो. मी शाळेत असताना वडिलांनी विहिरीसाठी कर्ज काढले होते. हप्त्याची तारीख फेब्रुवारीतली. त्या साली आमच्या भागात टोळ्या उशिरा आल्या आणि ऊस तुटला एप्रिलात. वडिलांनी मार्च उलटण्याआधी दुभती म्हैस विकून हप्ता भरला, कारण थकबाकीदार म्हणून सोसायटीच्या फळ्यावर नाव लागणे त्यांना सोसणारे नव्हते. मेमध्ये बिल आले. बिलात म्हैस परत घेण्याएवढे पैसे होते, पण तशी म्हैस काही पुन्हा मिळाली नाही. आज तोडणीचा कार्यक्रम मीच लावतो. कुणी सभासद "माझा हप्ता आहे, तोड जरा अलीकडे घ्या" म्हणत आला की मला ती म्हैस आठवते. कार्यक्रम लागण तारखेनेच लावावा लागतो, हे त्याला सांगतोच. पण त्याचे म्हणणे खोटे आहे असे कधी वाटत नाही.

हप्ता पाडलेले कर्ज निदान दरवर्षी दार ठोठावते. दुसराही एक प्रकार असतो. पाच वर्षे काही मागायचे नाही आणि पाचव्या वर्षी व्याजासकट सगळे एकदम. असा कर्जदार चार वर्षे कागदावर सुखी दिसतो. पाचव्या वर्षी ती सगळी रक्कम लांबच्या रकान्यातून उचलून चालू देण्याच्या रकान्यात येऊन बसते. कर्ज एका रुपयानेही नवे काढलेले नसते, फक्त कॅलेंडर पुढे सरकलेले असते.

याचे आपल्या मुलखाला परिचित उदाहरण म्हणजे सुझलॉन एनर्जी. पाटणच्या वरच्या अंगाला वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या आहेत. त्या भागात चक्क्या उभारण्याचे मोठे काम या कंपनीने केले. तुळशी तांती यांनी १९९५ साली ती सुरू केली. सुरतेला त्यांचा कापडाचा धंदा होता. विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि पुढे तोच मुख्य धंदा झाला. कारभार पुण्याहून चाले. दहा-बारा वर्षांत कंपनी एवढी वाढली की २००६ साली तिने बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स करणारी कंपनी घेतली आणि २००७ साली फ्रान्सच्या अरेवाशी चढाओढ करून जर्मनीची रीपॉवर ताब्यात घेतली. घेतलेली कंपनी चांगली होती. पैसा मात्र बराचसा उसना होता.

त्याच २००७ साली सुझलॉनने परदेशात रोखे काढले. जूनमध्ये ३० कोटी डॉलरचे, ऑक्टोबरमध्ये २० कोटी डॉलरचे. मुदत पाच वर्षे. दरवर्षी व्याज द्यायचे नाही. मुदत भरली की १०० डॉलरच्या मूळ रोख्यामागे सुमारे १४५ डॉलर द्यायचे, किंवा रोखेवाल्याची इच्छा असेल तर आधीच ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर द्यायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर सावकार म्हणतो, पाच वर्षांनी तुझी जमीन महागली तर मी ठरल्या भावाने वाटा घेईन. नाही महागली तर व्याजासकट रोख दे. अशा सौद्यात सावकाराच्या दोन्ही हातांत लाडू असतात, हे ध्यानात ठेवावे.

कंपनीला वाटले होते की शेअर वर जाईल, रोखेवाले शेअर घेतील आणि रोख एक पैसा द्यावा लागणार नाही. त्या दिवसांत ते वेडेपणाचे वाटत नव्हते. जानेवारी २००८ मध्ये शेअरचा भाव ४०० रुपयांच्या वर होता. मग २००८ साली अमेरिकेत बसविलेल्या काही चक्क्यांच्या पात्यांना तडे गेले, ती पाती मजबूत करून द्यावी लागली. त्याच साली जगभर बँका अडचणीत आल्या आणि पवनऊर्जेच्या नव्या प्रकल्पांना पैसा मिळणे कठीण झाले. इकडे रीपॉवरकडे रोकड होती, पण ती इकडे सहजासहजी आणता येत नव्हती. तिचे शंभर टक्के शेअर हाती यायलाच २०११ चा ऑक्टोबर उजाडला. आणि मार्च २०१२ अखेर आपल्या देशात पवनचक्की घेणाऱ्याला मिळणारी जलद घसाऱ्याची करसवलत गेली, तेव्हा देशातली मागणीही आटली. शेअरचा भाव २० रुपयांच्या खाली आला. अशा वेळी ठरल्या भावाने शेअर घ्यायला कोण येणार? सगळ्यांनी रोख मागितली.

डॉलरचा भावही बघा. रोखे काढले तेव्हा डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता. फेडायच्या वेळी ऑक्टोबर २०१२ मध्ये तो ५३ च्या आसपास गेला. १०० डॉलर घेतले तेव्हा हातात आले ४,००० रुपये. १४५ डॉलर द्यायचे म्हणजे ७,६८५ रुपये. पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट. त्यातला काही भाग व्याजाचा आणि बाकीचा रुपया घसरल्याचा. ज्याचे उत्पन्न डॉलरमध्ये आहे त्याला हे फारसे लागत नाही. ज्याचे रुपयात आहे त्याला लागते.

मधल्या काळात कंपनीने काही रोखे बदलून दिले, काही कमी केले. तरी जून २०१२ मध्ये ३६ कोटी डॉलर देणे उभे राहिले. रोखेवाल्यांनी ४५ दिवसांची मुदत वाढवून दिली आणि जुलैत ते देणे भागवले गेले, पण मुख्यतः नवे कर्ज काढून. आपल्या सोसायटीत याला नवं-जुनं करणे म्हणतात. नवं-जुनं करणे हा गुन्हा नाही. आपण सगळेच ते करतो. पण त्यासाठी नवे देणारा लागतो, आणि तो चार महिन्यांनी पुन्हा भेटेलच असे नाही. ऑक्टोबरात दुसरा हप्ता आला, २०.९ कोटी डॉलरचा. कंपनीने चार महिने मागितले. रोखेवाल्यांनी सभेत नकार दिला. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी देणे थकले. भारतीय कंपनीने परिवर्तनीय रोखे थकविल्याचे तोवरचे हे सर्वात मोठे प्रकरण होते.

सभासदांनो, येथे जरा थांबून आकडे समोरासमोर ठेवा. मार्च २०१२ अखेरच्या वर्षात साऱ्या समूहाची उलाढाल २१ हजार कोटी रुपयांच्या घरात होती. अडली ती ११०० कोटींवर. वीस रुपयांची उलाढाल असताना एका रुपयासाठी पत गेली. उलाढालीचे आकडे ऐकून टाळ्या वाजविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मी स्वतः वार्षिक सभेत गाळपाचे आकडे ऐकून टाळ्या वाजवीत आलो आहे, म्हणून हे लिहितो.

एकाकडे थकले की बाकीचे गप्प बसत नाहीत. मोठ्या कर्जाच्या करारात बहुधा कलम असते की कर्जदाराने दुसऱ्या कुणाचे देणे थकविले तर आमचेही सगळे कर्ज आताच मागू. म्हणजे कागदावर २०१७ सालचे असलेले देणे एका रात्रीत यंदाचे होऊ शकते. म्हणून सुझलॉनला देशातल्या बँकांशी सगळेच नव्याने ठरवावे लागले. जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ९,५०० कोटींच्या कर्जाची फेररचना झाली. फेड दहा वर्षांत, पहिली दोन वर्षे सवलतीची. जानेवारी २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी, तोवर तिचे नाव सेनव्हिऑन झाले होते, सुमारे १०० कोटी युरोला विकावी लागली. ज्या खरेदीने नाव झाले तीच विकून देणे कमी केले. तिथे मला पुन्हा म्हैस आठवली.

पुढची हकीगत थोडक्यात. जुन्या रोख्यांची रचना बदलून जे नवे रोखे निघाले, तेही जुलै २०१९ मध्ये थकले, १७ कोटी डॉलरच्या वर. जून २०२० मध्ये पुन्हा फेररचना झाली. त्या सालच्या मार्चमध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास गेला होता. २०२२ साली आरईसी आणि इरेडा या सरकारी वित्तसंस्थांनी जुन्या बँकांचे देणे आपल्याकडे घेतले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला कंपनीने आपल्याच भागधारकांकडून १,२०० कोटी उभे करण्यासाठी पाच रुपये दराने हक्काचे शेअर विक्रीस काढले. देणे थकले त्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती. दहा दिवस आधी, १ ऑक्टोबरला, तुळशी तांती वारले होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या गुंतवणूकदारांकडून आणखी २,००० कोटी घेऊन कंपनीने उरलेले कर्ज फेडले. कंपनी वाचली. पण ४०० रुपयांना शेअर घेतलेल्या माणसाचे पैसे काही त्यामुळे परत आले नाहीत. देणे मिटविण्यासाठी नवे शेअर निघत गेले आणि जुन्याचा वाटा पातळ होत गेला.

लांबचे देणे अचानक जवळ येण्याचे आणखी एक उदाहरण कोकणातल्या लोकांना माहीत आहे, फक्त त्याची ही बाजू माहीत नसते. गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प उभारणारी अमेरिकेची एन्रॉन. तो प्रकल्प २००१ च्या मध्यास बंद पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात खुद्द अमेरिकेत उघड झाले की कंपनीची पत एक पायरी खाली आल्यामुळे ६९ कोटी डॉलरचे एक देणे मुदतीआधीच काही दिवसांत द्यावे लागेल. करारात तसे कलम होते. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. कारणे इतर पुष्कळ होती, हिशेबातली लबाडी होती, पण शेवटच्या दिवसांत गळ्याशी आले ते असे तारीख बदललेले देणे.

आता वाचायचे कसे ते सांगतो. कंपन्यांच्या ताळेबंदात १ एप्रिल २०११ पासून देण्याचे दोन भाग दाखवावे लागतात, एक वर्षाच्या आतले आणि नंतरचे. आधी कर्ज तारणी की बिनतारणी एवढेच कळे. पहिली दहा वर्षे दीर्घ कर्जाचा यंदा देय भाग "इतर चालू देणी" या मथळ्याखाली, मागे टिपेत, असा दडून असे की शोधावा लागे. १ एप्रिल २०२१ पासून तो अल्प मुदतीच्या कर्जात वेगळा दाखवतात. त्या आकड्यासमोर कंपनीची रोकड आणि वर्षात खरोखर हाती येणारा पैसा ठेवायचा. पुरत असेल तर ठीक. पुरत नसेल तर विचारायचे की नवं-जुनं कोण करून देणार आहे आणि ते लेखी आहे का.

आपला सहकारी कारखान्याचा ताळेबंद वेगळ्या नमुन्यात असतो. त्यात कोणत्या बँकेचे, कोणत्या संस्थेचे किती कर्ज ते दिसते. त्यातले येत्या गळीत हंगामात आणि त्यानंतरच्या बंद काळात किती फेडायचे, हे सभेत विचारून घ्यावे. सहवीज प्रकल्पासारख्या कामाच्या कर्जाचे हप्ते तिमाहीला येतात. चक्की चालते चार-पाच महिने. जुलैतला हप्ता कोणत्या पैशातून जाणार, हा उद्धट प्रश्न नाही, तो हिशेबाचा प्रश्न आहे.

येणाऱ्या पैशाच्या बाजूलाही डोळे उघडे ठेवावेत. गोदामात साखर आहे म्हणजे पैसा आहे असे नसते. ती बहुतेक मालतारण कर्जापोटी बँकेकडे तारण असते आणि विकली की आधी बँक आपला हिस्सा घेते. महावितरणकडून विजेच्या बिलाचे येणे असेल तर ते किती दिवसांत येते ते पाहावे. आणि सर्वात मोठी फसवी ओळ म्हणजे तोडणी-वाहतुकीसाठी दिलेली उचल. कागदावर ती वर्षात वसूल होणारी रक्कम असते. मुकादम उचल घेऊन आलाच नाही तर ती वसूल कशी होणार? अशी किती उचल किती वर्षांपासून अडकली आहे, हा आकडा बाजूला काढला की खरे चित्र दिसते. त्याच्या समोर यंदाचा हप्ता ठेवा, व्याज ठेवा, आणि ऊस आल्यापासून १४ दिवसांत द्यावयाची आपली एफआरपी ठेवा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ती द्यावीच लागते. हप्ता आणि एफआरपी एकाच महिन्यात एकाच पेटीवर येतात तेव्हा कुणाला थांबविले जाते, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून कर्जमर्यादेचा विषय आला की "किती" एवढेच विचारू नये. कशासाठी, आणि फेड कोणत्या वर्षी किती, हे वर्षवार वाचून दाखवायला सांगावे. दहा वर्षांच्या यंत्राला तीन वर्षांचे कर्ज घेतले तर ते आडसालीला तीन महिन्यांचे पीककर्ज घेण्यासारखे होते. ऊस शेतातच उभा असताना हप्त्याची तारीख येते.

ते आजोबा हे सगळे ऐकून घेऊन उठले. दारात थांबून म्हणाले, "म्हंजे साहेब, कर्ज किती त्यापेक्षा कवा, हे बघायचं." मी म्हटले, दोन्ही बघा. मग त्यांनी लागण नोंदीची पावती मागून घेतली आणि तारीख नीट पडली आहे का ते चष्मा लावून दोनदा तपासले.

अहवालाच्या पुस्तिका सर्व गट ऑफिसांत ठेवण्यात येतील. ज्या सभासदांना घरी मिळणार नाहीत त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाकडून न्याव्यात. कर्जाचे पान समजले नाही तर आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळी मी ऑफिसात असतो. माझ्याकडून होईल तेवढे सांगेन, पुढचे हिशेब विभागाकडून विचारून देईन.

पुढील अंकी खोडव्यात पाचट न जाळता कुजविण्याबद्दल.